देवाची वेळ आणि आपली घाई



"देवाची इच्छा असेल तसे होईल," हे वाक्य आपल्या घरोघरी नित्य ऐकू येते. परीक्षेत अपयश आले, पाऊस लांबला, घरातील दुखणे हटेना, की ते सहजच तोंडी येते. पण त्याचा अर्थ काय? हात जोडून स्वस्थ बसणे म्हणजेच विश्वास काय? की विश्वास ही याहून निराळी व कठीण गोष्ट आहे? याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या बाबतीत आपल्या धर्माबादेच्या आसमंतातील शेतकरी हाच आपला पहिला गुरू होय. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही हे तो पक्के जाणतो. म्हणून पुरेशी ओल झाल्यावाचून तो पेरीत नाही. परंतु तोवर तो निजूनही राहत नाही. नांगरट करतो, कुळव फिरवितो, धसकटे वेचतो, बियाणे जपून ठेवतो. मिरचीच्या झाडावरील हिरवी मिरची ओढून ताणून लाल होत नाही, हेही त्याला ठाऊक असते. याकोबाने आपल्या पत्रात धीराचा दाखला म्हणून शेतकऱ्याचेच उदाहरण घेतले, ते उगीच नव्हे.

घाईने काय होते हे पाहावयाचे असेल तर अब्राहामाचे चरित्र वाचावे. देवाच्या वचनावर विसंबून तो हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, आणि वचनाचा पुत्र इसहाक जन्मला तेव्हा त्याचे वय १०० होते. मध्ये २५ वर्षे गेली. इतका काळ धीर न निघून त्याने व साराने आपलीच युक्ती योजिली आणि दासी हागार हिला पुढे केले. परिणाम काय झाला? घरात कलह माजला, आणि निरपराध हागारेला रानोमाळ भटकावे लागले. आपल्या उतावळेपणाची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच द्यावी लागते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. कवी नारायण वामन टिळक यांस इ. स. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने नवा करार दिला. तो वाचून, पुष्कळ मानसिक झगड्यानंतर, त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर तर आकाशच कोसळले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या स्त्रीला नातलगांच्या आश्रयाने, लहानग्या मुलासह, कित्येक वर्षे पतीपासून दूर राहावे लागले. त्यांचे दुःख लहान नव्हते, आणि ते लहान मानण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही.

टिळक स्वभावाने तापट व उतावळे, हे लक्ष्मीबाईंनीच पुढे मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. तथापि आपला धर्म त्यांनी पत्नीवर लादला नाही. उभयतांची पुन्हा भेट होऊन संसार एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे व खाणेपिणे काही काळ निराळेच ठेविले होते. तेही त्यांनी सोसले. पुढे विचार करता करता जातिभेद ही देवाची करणी नव्हे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणहून घेतले, आणि इ. स. १९०० मध्ये त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांची ती प्रतीक्षा फुकट गेली असे कोण म्हणेल? सक्तीने मान वाकविता येते, मन वळविता येत नाही.

याच्या पुढची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. पण ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि काव्य अपुरेच राहिले. ज्यांस टिळकांनीच अक्षरओळख करून दिली होती आणि शाळेचे शिक्षण मुळीच मिळाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे ६४ अध्याय रचून ते पूर्ण केले. टिळकांनी आपल्या डोळ्यांनी ते पाहिले नाही. देवाची वेळ आपल्या आयुष्याच्या मापाने मोजता येत नाही. एकाने पेरावे आणि दुसऱ्याने कापावे, अशीही त्याची योजना असते.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे. अभ्यास न करणाऱ्या विद्यार्थ्याने नापास झाल्यावर देवाच्या इच्छेकडे बोट दाखवू नये. तसेच आजाऱ्याला वैद्याकडे नेण्याचे टाळून त्यास विश्वास म्हणू नये. दुसरी, दुसऱ्याचे दुःख पाहून "देवाची इच्छा" एवढे बोलून निघून जाऊ नये. जे दूर करणे आपल्या हाती आहे ते दूर करणे, हीच तेथे देवाची इच्छा होय. तिसरी, आपले कर्तव्य पुरे करून फळ देवाच्या हाती सोपवावे, आणि ते आपल्या मनासारखे न आले तरी त्याच्या प्रीतीविषयी शंका घेऊ नये. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपली व्यथा पित्यापुढे उघड मांडली आणि मगच स्वतःस त्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले. तेव्हा रडणे हा अविश्वास नव्हे. रडतानाही पित्याचा हात न सोडणे हाच विश्वास.

पालकांस शेवटी एकच विनंती. सर्व मुले एकाच ऋतूत फुलत नाहीत. शेजारच्या मुलाचे गुण पुढे ठेवून आपल्या मुलास हिणवू नका. त्यास शिस्त लावा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि धीर धरा. आणि विद्यार्थिमित्रहो, यंदा ज्यांस यश मिळाले त्यांनी नम्र व्हावे. ज्यांस मिळाले नाही त्यांनी पुस्तक पुन्हा उघडावे. शेत अजून तुमच्यापुढे आहे, आणि पाऊस पाठविणारा तुम्हांस विसरलेला नाही.