जुनी मेझुझा नव्या दाराला चालेल?

प्रश्न : आम्ही बेने इस्रायली ज्यू. अलिबागच्या जुन्या घराच्या दारावरची मेझुझा ठाण्याच्या फ्लॅटला लावायची आहे. ती अजून ग्राह्य असेल का?

उत्तर : आधी डबी उघडा; खरी मेझुझा म्हणजे तिच्या आतली तोरातल्या वचनांची गुंडाळी. आत छापील कागद निघाला, तर प्रश्नच मिटला. मजकूर कोशेर (धर्ममान्य) प्राण्याच्या चर्मपत्रावर, जाणकार सोफेरने, म्हणजे धर्मलेखनिकाने, हातानेच लिहिलेला हवा. त्यात 713 अक्षरं असतात. एक गळलं तरी मेझुझा बाद. अक्षरं क्रमानेच लिहायची असल्याने राहिलेलं अक्षर मागाहून घुसवताही येत नाही. दोन अक्षरं एकमेकांना चिकटलेलीही चालत नाहीत. एखादं अक्षर संदिग्ध वाटलं, तर ते लहान मुलाला दाखवतात; अक्षरओळख असलेल्या, पण मजकूर न कळणाऱ्या. ही रीत मला फार आवडते, कारण जाणकार संदर्भाने वाचतो आणि चूक त्याच्या नजरेतून निसटते. संगणक गळलेली अक्षरं चटकन पकडतो. तडकलेली शाई मात्र माणसानेच पाहावी. सात वर्षांत दोनदा तपासणीचा दंडक आहे. कोकणच्या दमट हवेत मी तर दर पावसाळ्यानंतर बघा म्हणेन. फिकट अक्षरं स्वतः गिरवू नका, सोफेरकडेच द्या.