बिल टेबलावर असतानाच बोला

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचं जेवण होतं, म्हणून त्या रात्री मी आवाज चढवला नाही. एरवी नक्की चढवला असता. हॉटेल कल्याण-शीळ रस्त्यावरचं. त्याचं नाव इथे देत नाही. जिथे तक्रार करायची तिथे नावानिशी केली आहे.

आठचं टेबल सांगून ठेवलं होतं. मिळालं नऊच्या सुमाराला, तेही स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापाशी. बदलून मागितलं तर कॅप्टन म्हणाला, "फुल आहे, मॅडम." आणि आमच्यादेखत खिडकीजवळचं टेबल आमच्यानंतर आलेल्यांना दिलं. तेही सोडून दिलं.

आईंसाठी डाळ खिचडी सांगितली होती. मिरची अजिबात नको, असं बजावून सांगितलं होतं. वेटर पोरगेलासा होता. मान डोलावून गेला, लिहून काही घेतलं नाही. आमची जेवणं निम्मी झाली तरी आई पापडाचे तुकडे मोडत बसलेल्या. खिचडी आली ती वर लाल मिरचीची फोडणी घेऊनच. पहिल्याच घासाला त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. "बदलून आणतो" म्हणून ताट उचललं, ते परत आलंच नाही. जिची पंच्याहत्तरी तिने शेवटी दहीभात खाल्ला, तोही नणंद उठून काउंटरवर जाऊन सांगून आली तेव्हा. ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला जा. दाटीवाटीत बसावं लागतं, पण तिखट, मध्यम की कमी, हे आधी विचारतात. एवढीच तर अपेक्षा असते.

मग बिल आलं. त्यात न खाल्लेली खिचडी होती. ती काढायला लावली. नवं बिल आलं तेव्हा मी खालच्या ओळी वाचल्या. जेवणाचे ४,१८० रुपये. त्याखाली 'एस. सी. १०%', ४१८ रुपये. त्याखाली ५ टक्के जीएसटी, आणि तो लावलेला ४,५९८ वर. म्हणजे जी सेवा मिळालीच नाही तिचे पैसे, आणि वर त्या पैशांवर करही आमच्याकडूनच.

मॅनेजरला बोलावलं. त्याचं पहिलं उत्तर, "मेनू कार्डवर लिहिलंय." लिहिलं होतं, शेवटच्या पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. दुसरं, "सगळीकडे घेतात." आणि तिसरं आवाज वाढवून, शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असं, "मॅडम, एवढं जेवलात, आता चारशे रुपयांसाठी कशाला वाद?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना." आई खाली बघत पदराशी चाळा करत होत्या. त्या क्षणी मला लख्ख कळलं की ही वसुली आपल्या लाजेच्या जोरावर चालते. पाहुणे बरोबर असताना, चारचौघांत पैशांवरून कोणी बोलणार नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आवाज त्याने उगाच वाढवला नव्हता. चारशे रुपये मी विसरेनही. आईंच्या देखत आम्हाला भिकारड्यासारखं वागवलं, ते विसरणार नाही.

आणि नियम माझ्या बाजूने होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने घ्यायचा नाही, गिऱ्हाइकावर सक्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं, आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा भुर्दंड लावला. त्यानंतरही 'एस. सी.' अशी दोन अक्षरं छापून तेच चालू आहे. मी हे मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "ते दिल्लीचं आहे." प्राधिकरण केंद्राचं आहे, हे त्याला समजून घ्यायचंच नव्हतं.

आता तुमच्यासाठी. बिल हातात आलं की एकूण रक्कम बघून कार्ड काढू नका, खालून वर वाचा. 'एस. सी.', 'स्टाफ वेल्फेअर' असलं काही दिसलं तर पैसे देण्याआधी बोला. बिल टेबलावर आहे तोवर जोर तुमच्याकडे असतो. "हे ऐच्छिक आहे, मला द्यायचं नाही, काढून नवं बिल द्या," एवढंच म्हणा. सेवा वाईट होती हे पटवत बसू नका. मी आधी खिचडीपासून सुरुवात केली आणि मॅनेजरने तिथेच दहा मिनिटं घोळवलं. सेवा उत्तम असली तरीही नकार देता येतो.

काढत नाहीत आणि बरोबर म्हातारं माणूस, लहान मूल आहे, थांबता येत नाही, तर पैसे द्या, पण बिलाच्या पाठीवर 'सर्व्हिस चार्ज मान्य नाही' लिहा, तारीख घाला आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मी तेच केलं. घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावला. डॉकेट क्रमांक मिळतो, तो जपा.

बिलावर जीएसटी क्रमांक आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, तेही बघा. साध्या हॉटेलचा जीएसटी ५ टक्के असतो. कंपोझिशन योजनेतल्या लहान हॉटेलांना तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. पाण्याच्या बाटलीच्या जादा किमतीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं आहे. बसल्याबसल्या साधं पाणी मागा. आणि शांत राहा.

वेटरवर राग काढू नका. निघताना मी त्या पोराच्या हातात वेगळे पैसे ठेवले आणि विचारलं, "हा एस. सी. तुम्हाला मिळतो का रे?" त्याने काउंटरकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही.

तक्रारीनंतर हॉटेलातून फोन आला. आवाज एकदम मऊ. पैसे परत करतो, पण गूगलवर लिहिलंय ते तेवढं काढा. मी म्हटलं, पैसे माझे आहेत, त्यासाठी अट कसली? तुम्हालाही असा फोन येईल. तेव्हा लिहिलेलं काढू नका, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला सावध करणारं तेवढंच असतं. शेवटी ४१८ रुपये आले. त्यावर लावलेला २० रुपये ९० पैशांचा कर आलेला नाही, आणि आईंची माफीही कोणी मागितलेली नाही. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन होतो, मुदत दोन वर्षांची आहे. माझा अर्ज लिहून तयार आहे. नणंदेने साक्षीदार म्हणून सही केली आहे, आता फक्त नवऱ्याची बाकी आहे.