विटेचा रंग कुठपर्यंत?

पोरगा सिव्हिलला आहे म्हटलं की घरच्यांना वाटतं, याला विटेतलं सगळं कळतं. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी माझ्यापुढे दोन करड्या विटा ठेवल्या. "दर्शनी भिंतीला प्लास्टर करायचं नाही, विटाच दिसू द्यायच्या. यातली कुठली घेऊ? सोमवारी ॲडव्हान्स द्यायचाय." तीन वर्षं सबमिशनं करूनही मला उत्तर देता येईना. आठवडाभर थांबा म्हणालो आणि विटा बॅगेत घालून होस्टेल गाठलं.

आधी रंगाचं बघू. मातीत लोह असतं. भट्टीत हवा भरपूर असेल तर त्याचा लाल ऑक्साइड होतो, म्हणून आपली नेहमीची वीट लाल. शेवटी हवा कोंडली तर लोहातला ऑक्सिजन कमी होतो आणि वीट करडी-काळी पडते. कुंभार काळी मडकी करतो ती याच युक्तीने, शिवाय धुराची काजळी मुरते ती वेगळीच.

मग पाणी. आयएस ३४९५ प्रमाणे वीट ओव्हनमध्ये वाळवून, गार करून वजन करायचं, २४ तास पाण्यात बुडवायची, पुसून तीन मिनिटांत पुन्हा वजन. पहिली वीट २.८० किलोची ३.३६ झाली, म्हणजे २० टक्के. दुसरी ३.०० ची ३.३०, म्हणजे १० टक्के. दर्शनी विटांसाठी आयएस २६९१ ची मर्यादा १५ टक्के आहे. नियमाने पाच विटा लागतात, माझ्याकडे एकेकच होती. त्यामुळे हा निकाल अंदाजापुरता. पण प्लास्टर नसलेल्या भिंतीला पाऊस थेट झोडपतो. जास्त पाणी पिणारी वीट ओल आत नेते आणि क्षार असतील तर वाळताना पांढरे डाग बाहेर टाकते.

त्या रविवारी मेसची भाजी आणायची पाळी माझी होती. मंडई मेट्रो स्टेशनातून वर आलो. समोर मधला उंच मनोरा आणि करडा दगड. १८८६ साली ही इमारत सुरू झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून नगरपालिकेत ज्या जोतीरावांनी विरोध केला, पुढे त्यांचंच नाव तिला मिळालं! पिशवी खाली ठेवून एका दगडाचा टवका उडालेला कोपरा बघितला. आतही तोच करडा रंग. बेसाल्टचा रंग अंगचाच, तो पापुद्र्यासारखा निघत नाही.

तिथेच ट्यूब पेटली. परत येऊन दोन्ही विटा हातोडीने फोडल्या. दुसरी आतपर्यंत करडी. पहिली आतून चक्क लाल, वर नखाएवढाही नसलेला करडा थर! थर देणं हा काही गुन्हा नाही, पण तसं सांगून विकायला हवं. कोपरा उडाला की भिंतीवर लाल ठिपका दिसणारच.

बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "दुसरी महाग आहे रे, चालेल?" मी म्हणालो, "मागची भिंत साध्या विटेची करून प्लास्टर करू. पुढची मात्र हीच. आणि गाडी आली की आधी चार विटा फोडून बघा."

तेव्हा दोस्तहो, वीट निवडताना तीन गोष्टी करा: वाजवा, भिजवा, फोडा. खणखणीत आवाज, कमी पाणी आणि आतबाहेर एक रंग. व्हायवात कुणी हे विचारेल न विचारेल, घरी मात्र नक्की विचारतील.