बर्फाखालचे देवमासे

कॅनडाच्या वायव्येस मॅकेन्झी नदी ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. तेथे इनुविआलुइट लोक राहतात. मासे, सील, देवमासे आणि कॅरिबू यांवर त्यांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून आहे. प्राण्यांविषयीचे वडीलधाऱ्यांचे अनुभव ते आता ध्वनिचित्रफितींत साठवून ठेवतात. अशा अनुभवकथनाला विज्ञानात काही किंमत आहे काय? शेजारच्या अलास्कात घडलेली एक हकिगत याचे उत्तर देते.

ब्यूफोर्ट समुद्रात उन्हाळा काढणारे बोहेड जातीचे देवमासे वसंत ऋतूत अलास्कातील पॉइंट बॅरोजवळून पुढे जातात. तेथे इनुविआलुइटांचे भाऊबंद, इन्युपिआट लोक, त्यांची शिकार करतात. 1970 नंतरच्या दशकात निरीक्षक बर्फाच्या कडेला उभे राहून मोकळ्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजत. त्यावरून देवमासे फार तर दोन हजार असावेत, असा अंदाज निघाला. म्हणून आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने 1977 साली ही शिकार बंद करण्याचे ठरविले. गावांपुढे अन्नाचाच प्रश्न उभा राहिला.

शिकाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. पुष्कळ देवमासे दूरवरून, बर्फाखालूनही जातात आणि डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, असे ते सांगत. मग ते कडेवरच्या माणसाला दिसणार कसे?

हे तपासण्यास पदार्थविज्ञान उपयोगी पडले. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही. ध्वनी मात्र कित्येक किलोमीटर जातो. देवमासे प्रवासात आवाज काढतात. संशोधकांनी 1980 नंतर बर्फाच्या कडेने पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारे मायक्रोफोन, सोडले.

आता थोडे गणित करू या. अतिथंड समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1440 मीटर असतो. समजा, एकच आवाज ‘अ’ या हायड्रोफोनवर ‘ब’ पेक्षा 0.5 सेकंद आधी पोचला. म्हणजे देवमासा ‘ब’ पेक्षा ‘अ’ ला 1440 × 0.5 = 720 मीटर जवळ आहे. अंतरातील फरक इतकाच असणारे सर्व बिंदू एका वक्रावर येतात. त्याला अपास्त म्हणतात. तिसऱ्या हायड्रोफोनमुळे दुसरा अपास्त मिळतो. दोन्ही जेथे छेदतात, तेथे देवमासा!

नजरेपलीकडून जाणारे अनेक देवमासे अशा रीतीने सापडले. 14 ते 18 सेंटिमीटर जाडीचा बर्फ ते फोडतात, हेही 1985 साली दिसून आले. 1988 च्या मोजणीवरून त्यांची संख्या सुमारे साडेसात हजार ठरली; 2011 मध्ये ती सतरा हजारांच्या जवळ होती. मधल्या काळात देवमासे खरोखरच वाढले, हेही खरे. परंतु पहिला अंदाज फारच कमी होता.

शिकाऱ्यांच्या अनुभवाने कोठे शोधावे ते सांगितले. उपकरणांनी ते मोजून दाखविले. दोहोंपैकी एकाने भागले नसते.

स्वाध्याय : आवाज ‘अ’ व ‘ब’ या दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी पोचला, तर देवमासा कोणत्या रेषेवर असेल? आकृती काढून पाहा.