चित्ताची तडफड आणि मनातील वतने

उपासक-उपासिकांनो, विहारात त्रिसरण-पंचशील झाल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून बसा म्हटले, की मन कोठे कोठे हिंडून येते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. सोयाबीनचा भाव, बँकेची नोटीस, मुलाची पोलीस भरती, भावकीत कोणी टाकून बोललेला शब्द! मग पुष्कळजण म्हणतात, "गुरुजी, ध्यान आपल्याला जमायचे नाही. मन जागेवर राहतच नाही." पण हे तुम्हाला कळले केव्हा? बसलात तेव्हाच ना? एरवीही ते दिवसभर हिंडतच असते. आपले तिकडे लक्ष नसते इतकेच.

धम्मपदाचा तिसरा वर्ग म्हणजे चित्तवग्ग. त्यात 11 गाथा आहेत. तेथे चंचल चित्ताला पाण्यातून काढून कोरड्या जमिनीवर टाकलेल्या माशाची उपमा दिली आहे. ही उपमा नीट समजून घेतली पाहिजे. मासा तडफडतो, कारण सवयीचे पाणी सुटलेले असते. चित्ताचे सवयीचे पाणी म्हणजे माराचे राज्य, तृष्णेचा प्रदेश. तेव्हा डोळे मिटताच होणारी तडफड पाहून घाबरू नये. मन जुन्या पाण्याबाहेर काढले जात आहे, तडफडणारच.

पाणी गढूळ असले तरी त्याची ओढ सुटत नाही. पालीत याला उपादान म्हणतात. म्हणजे घट्ट धरून ठेवणे. उदाहरण दूर शोधायला नको. आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब स्वतः तेथे आले होते. वतन म्हणजे काय होते? इनामी जमिनीचा तुकडा, बलुत्याचे धान्य आणि त्या बदल्यात वेळ-काळ नसलेली गावची व सरकारची चाकरी. वतनदार परगावी असेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात यासंबंधी बिल आणले होते. तरीही वतन हा आपला मान आहे असे समजणारे आपल्यातच होते. त्यांना आज हसणे सोपे आहे. पण त्या तुकड्याखेरीज त्यांच्या चुलीला दुसरा आधार तरी कोणता होता?

पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. मनातली राहिली. कोणाचे वतन पुढारीपणाचे, कोणाचे वीस वर्षांपूर्वीच्या अपमानाचे, आणि कोणाचे पोटजातीचे. धम्मदीक्षा घेऊन पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक जमवताना पोटजात विचारणारी घरे आहेत. हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहिले पाहिजे.

मग सोडायचे कसे? सतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपस्सना येथे उपयोगी पडते. चित्तात लोभ आला तर लोभ आला, द्वेष आला तर द्वेष आला, एवढे जाणायचे. हाकलायचे नाही आणि कुरवाळायचेही नाही. मास्तर हजेरी घेतो तसे हे आहे. नाव आले, खूण केली, पुढचे नाव. प्रत्येक पोराशी भांडत बसला तर तास तेथेच संपेल! रोज दहा मिनिटे बसावे, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहावा. भावकीतला तो शब्द आठवला की 'राग आला' अशी नोंद घ्यावी, छातीत किंवा जबड्यात काय होते ते पाहावे आणि श्वासाकडे परतावे. तो दहा वेळा येईल. दहाही वेळा आला तसा जातो, हे मात्र दिसू लागेल. अनित्यता पुस्तकात वाचणे वेगळे आणि अशी पाहणे वेगळे.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. बांध कोणी कोरला, मजुरी कोणी बुडवली, तर दावा जरूर लावा, तारखेला कागद घेऊन जा. तारखेच्या आदल्या रात्री झोप उडवणारा जो द्वेष आहे, त्याची तेवढी हजेरी घ्या.

या पंधरवड्यासाठी एवढाच अभ्यास. सोयरिकीच्या बैठकीत "तुम्ही कोणत्यातले?" हा प्रश्न जिभेवर येईल, तेव्हा तो ओठांबाहेर पडण्यापूर्वी आपल्याला दिसतो का, हे पाहावे.