गाण्याआधी विचारलेला प्रश्न

2014 च्या जुलैत एका बारा वर्षांच्या मुलाला घेऊन मी रात्रीच्या एसटीनं केजहून औरंगाबादला गेलो. गाण्याच्या एका टीव्ही स्पर्धेची निवड चाचणी होती. त्या मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. तो आता मोठा झालाय, आणि जे घडलं त्यात त्याची काही चूक नव्हती. माझी होती. मी त्याचा शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी पेटी घेऊन गावातल्या पोरांना बसवतो. त्याला चाचणीला न्यायचं मीच ठरवलं, आणि पुढं जे जे मागितलं गेलं त्या प्रत्येकाला मान डोलावली तीही मीच. माझ्यासारखे गुरुजी आणि त्याच्या आईबापासारखे आईबाप या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. म्हणून हे लिहितोय.

आमच्या भागाला या स्पर्धांचं वेड कधी लागलं ते नेमकं सांगता येतं. 2008-09 मध्ये झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ झालं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुलं अख्ख्या महाराष्ट्राच्या घरातली झाली. रोहित आमच्या शेजारच्या लातूरचा. कार्तिकी आळंदीची, वारकरी वळणाचं गाणारी, आणि शेवटी जिंकली तीच. आमच्याकडे भजन, गवळण, भारूड घरोघर आहे. दासोपंत आणि मुकुंदराजांचं अंबाजोगाई आमच्या उशाला आहे. लातूरचं लेकरू तिथवर जाऊ शकतं, अभंग गाणारी मुलगी जिंकू शकते, मग आपलं का नाही? असं प्रत्येक भजनी मंडळात बोललं जाऊ लागलं. मीही बोलत होतो.

एक गोष्ट तेव्हा मला दिसली नव्हती, आता दिसते. त्या पाचांत एकासारखं दुसरं नव्हतं. एक शास्त्रीय बैठकीची, एक अभंग-गवळणीची, एक कोकणातला, एक सगळ्यांत चिमुकली, एक आधुनिक ढंगाचा. पाचही जण गुणी होते आणि मी त्यांच्या निवडीवर बोट ठेवत नाही. पण टीव्हीवरच्या स्पर्धेला काय लागतं हे त्या पाचांकडे पाहिलं की कळतं. तिला पहिले पाच नंबर नको असतात, पाच रंग हवे असतात. गांधर्व मंडळाच्या परीक्षेला माझे सहा विद्यार्थी बसले आणि सहाही चांगले गायले तर सहाही पास होतात. टीव्हीवर एकाच ढंगाचे सहा जण उत्तम गायले तर त्यांतले पाच घरी येतात. मुलाला तिथं नेण्याआधी हे मला कळायला हवं होतं.

औरंगाबादला एका कॉलेजच्या मैदानावर पहाटेपासून रांग लागली होती. छातीवर नंबर चिकटवला. टीव्हीवर दिसणारे परीक्षक तिथं कुणीच नव्हते. हे माहीत नसल्यामुळं कित्येक आईबाप त्यांना शोधत होते. पहिल्या खोलीत कार्यक्रमाच्या चमूतला एक संगीतवाला आणि वही घेतलेल्या एक मॅडम. प्रत्येकाला जेमतेम मिनिट. आमच्या पोरानं गवळण घेतली. धृपद संपलं, अंतरा सुरू होणार तेवढ्यात थांबवलं. ‘सिनेमातलं काही?’ त्यानं तेही म्हणून दाखवलं. मग मॅडमनी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’

‘आजी.’

‘आई-बाबा?’

‘कारखान्याला जातेत.’

‘अच्छा, नोकरीला?’

‘नाही. तोडीला.’

त्या मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा वहीतून मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मी दारात उभा होतो. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, पोरगं लक्षात राहिलं.

दुसऱ्या खोलीत कॅमेरा होता आणि चार पानांचा अर्ज. गाण्याबद्दलचे प्रश्न अर्ध्या पानात संपले. बाकी सगळं घराबद्दल. घर कसं आहे, कर्ज आहे का, सगळ्यांत मोठं दुःख कोणतं, घरात कुणी आजारी आहे का, जिंकलास तर आईसाठी काय घेशील. बारा वर्षांच्या मुलाला ‘सगळ्यांत मोठं दुःख’ लिहिता येईना. मीच लिहून दिलं. आई-वडील सहा महिने नसतात, दिवाळीला घरी हा आणि आजीच असते, वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याचं दुःख मी माझ्या अक्षरात भरलं, आणि ते वाचून त्याचा चेहरा बदलला हे मी पाहिलं.

त्याची पुढच्या फेरीसाठी निवड झाली, आणि ऑगस्टमध्ये घरची फीत काढायला चित्रीकरणवाले गावात आले. ऊसतोडीचं गणित बाहेरच्याला माहीत नसतं, म्हणून सांगतो. आमची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच पावसाळ्यात घेतलेली असते. ऑगस्टमध्ये कुठंच तोड नसते. पण चित्रीकरणवाल्यांना तोड हवी होती. मीच शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा ऊस मागून घेतला. पोराच्या आईला सांगितलं, जुनं लुगडं नेसा. ती फडात उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘गुरुजी, लोकाचा ऊस हाय, अन् कवळा हाय. तोडू का?’

मी म्हणालो, ‘दोन टिपरं तोडा.’

कोयता कधी उचलायचा, कधी खाली ठेवायचा हे त्या बाईचं कष्टाचं शहाणपण होतं. ते मी मोडायला लावलं. अनेक वर्षं झाली, पण कवळा ऊस तोडतानाचा तिचा तो अवघडलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मुंबईत नावाजलेल्या परीक्षकांसमोर तो गायला. छान गायला. आधी घरची फीत दाखवली, मग गाणं. एका परीक्षकाचे डोळे भरून आले आणि पोरगं पुढं गेलं. त्यानंतरच्या फेरीत तीसेक मुलांतून निम्मी घ्यायची होती. त्या दिवशी त्यानं लावलेला तार षड्ज अजून माझ्या कानात आहे. कुठं कणसूर नाही, कुठं ताल सुटला नाही. आणि त्याचं नाव आलं नाही. बाहेर पडताना चमूतला एक तरुण मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, ‘सर, गाण्याचा प्रश्न नव्हता. तशा घरातला एक मुलगा आधीच घेतलाय.’

‘तशा घरातला.’ म्हणजे आम्ही गाणं घेऊन गेलोय असं मी समजत होतो, आणि ते एक जागा भरत होते. ती जागा भरली होती.

त्या तरुणाचा मला राग नाही. ते आठवड्याला दोन भाग काढणारे लोक. त्यांना रडवणारं, हसवणारं, थक्क करणारं असं सगळं हवं असतं. सगळ्या विभागांतलं कुणीतरी हवं, वयानं लहान-मोठं हवं. याला फसवणूक म्हणता येणार नाही. फसवणूक वेगळी असते आणि जगात तीही झाली आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजुषेत स्पर्धकाला उत्तरं आधीच सांगितली जात असल्याचं उघड झालं, आणि 1960 मध्ये तिथं त्याविरुद्ध कायदा झाला. ब्रिटनमध्ये आयटीव्हीच्या एका कार्यक्रमात, फोन लावणाऱ्यांतून नशिबानं निवड होते असं प्रेक्षकांना वाटत होतं. प्रत्यक्षात माणूस कुठं राहतो, किती बोलका आहे हे पाहून तो निवडला जात होता. असे अनेक प्रकार निघाले आणि 2008 मध्ये आयटीव्हीला 56 लाख 75 हजार पौंडांचा दंड झाला. तिथं दंड झाला, कारण सांगितलं एक आणि केलं एक. आपल्याकडच्या अर्जावर ‘निवडीचा निर्णय वाहिनीचा, तो अंतिम राहील’ असं लिहिलेलं होतं. मी त्याखाली सही केली होती, न वाचता.

लोकांच्या मतांवर निवड होते तिथंही गळा एकटा नसतो. 2007 च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये शेवटी दार्जिलिंगचा प्रशांत तामांग आणि शिलाँगचा अमित पॉल उरले, तेव्हा डोंगरातली अख्खी गावं वर्गणी काढून मतं पाठवत होती. ते प्रेम खरं होतं. पण ते मोजलं गेलं ते मोबाइलच्या संदेशांत. ज्या गावात उचलीवर घर चालतं तिथं वर्गणी कुणी आणि कशातून काढायची?

आता माझ्या चुकांतली सगळ्यांत जड. मुंबईच्या दोन खेपा, राहणं, कपडे, बूट, गावात जेवण. मला वाटलं बापानं कुठून तरी जमवलं. पुढच्या हंगामात कळलं की त्यानं मुकादमाकडून वीस हजार जास्तीची उचल घेतली होती. उचल म्हणजे अंगावर घेतलेले दिवस. ते दिवस त्या नवरा-बायकोनं फडात फेडले. मी अर्धे पैसे देऊ केले तर म्हणाला, ‘गुरुजी, तुमी लेकरासाठीच केलं.’ त्याच्या चांगुलपणाची मला जास्त लाज वाटली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईबापांना मी पहिल्यांदा पैशाचंच विचारतो. व्याजानं किंवा उचलीनं जायचं असेल तर मी सोबत येत नाही, आणि तेही जाऊ नयेत म्हणून भांडतो. निवड झालीय, आता नोंदणीचे इतके हजार भरा असा फोन आला तर तो ठगाचाच समजा. असे फोन आमच्या भागात येतात, आणि माझ्या एका विद्यार्थिनीच्या मामानं पैसे भरलेही होते. कराराचा कागद हातात आला की तिथंच सही करू नका. एक रात्र मागून घ्या, ओळखीच्या वकिलाला दाखवा. किती वर्षं दुसरीकडे गाता येणार नाही, गायलेल्या गाण्याचे आणि चित्रणाचे हक्क कुणाचे, प्रवासखर्च कोण देणार, एवढं तरी बघाच.

मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर कायदा तुमच्या बाजूचा आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. त्यानुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त दिवस त्याला राबवता येत नाही, शाळा बुडू द्यायची नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मोबदल्यातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काहीच करून घेता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मी मुलांना स्वतः वाचून दाखवतो. आमच्या पोराला तेव्हा कुणी विचारलंच नाही की तुझ्या आईला फडात उभी केलेली तुला चालेल का. मीही नाही.

घरचं काय सांगायचं आणि काय नाही, हे आता आम्ही निघण्याआधी घरी बसून ठरवतो. मूल, आई, बाप आणि मी. जे मुलाला गावातल्या पोरांसमोर बोलायला लाज वाटेल ते कॅमेऱ्यासमोर बोलायचं नाही. ऊसतोडीत लाज काहीच नाही. पण ती सांगायची की नाही, हे ज्याच्या घरात आहे त्यानं ठरवायचं. आणि प्रक्षेपण होईपर्यंत गावात फलक लावायचा नाही, पारावर दवंडी नाही. आमच्याकडे मी फलक लावला होता. प्रत्यक्षात कार्यक्रमाच्या त्या भागात चाळीसेक सेकंद आईचा कोयता दिसला आणि गाण्याच्या दोन ओळी.

गावी परतताना बीडच्या स्टँडवर त्यानं मला विचारलं, ‘सर, मी बेसूर झालो होतो का?’ नाही म्हटलं असतं तर मग का काढलं ते सांगावं लागलं असतं. आणि ‘तशा घरातला’ हे शब्द मला त्याच्यासमोर उच्चारता येईनात. मी म्हणालो, ‘पुढच्या वेळी बघू.’ या उत्तरानं त्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या स्पर्धेनं केलं नाही. आपण बेसूर आहोत असं समजून तो जवळजवळ दोन वर्षं पेटीपाशी आला नाही. शेवटी एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो आणि त्या तरुणाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘हे तवाच सांगायचं ना, सर.’

त्या स्पर्धेनंतर तीन वर्षांनी त्याच्याच मोबाइलवर कुठल्याशा नव्या कार्यक्रमाचा फोन आला. जुन्या यादीत नंबर होता. मी शेजारीच होतो. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, आई-वडील अजून तोडीला जातात का. त्यानं शांतपणे ‘हो’ म्हटलं, आणि म्हणाला, ‘पण माझा आवाज फुटलाय. बसायला वर्ष लागंल. सध्या मी गायला येत नाही.’ फोन ठेवून त्यानं पेटी ओढली, जुन्या पट्टीपेक्षा कितीतरी खालचा सूर धरला आणि खर्जाचा सा शोधू लागला.