तारपा : वाद्यातून परिसर, गाण्यातून बोली



वारली चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शाळेच्या भिंतीवर, कुर्त्यावर, अगदी चहाच्या कपावरही ते दिसतं. जिव्या सोमा म्हसे यांना या कलेसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. या चित्रात मधोमध एक माणूस लांब वाद्य फुंकतो आणि त्याच्याभोवती माणसांची साखळी नाचते. ते वाद्य म्हणजे तारपा. चित्र आपली मुलं सहज काढतात, पण त्यातला आवाज किती जणांनी ऐकलाय?

तारपा कशाचा बनतो?
वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि सांधे बुजवायला मेण. जव्हार, डहाणू, तलासरी या भागातलं रान आणि परसच जणू या वाद्यात आलंय! भात तयार झालं की तारपा वाजू लागतो. म्हणजे परिसर आणि ऋतू दोन्ही त्यात आहेत.

गाणी कोण सांभाळतं?
वारली लग्नात धवलेरी महत्त्वाची. ही बाई लग्नाची गाणी म्हणते आणि लग्नही तीच लावते. वारली बोलीला स्वतंत्र लिपी नाही. त्यामुळे धवलेरीचं पुस्तक म्हणजे तिची आठवण. ऐकणारं पुढचं पोर ती बोली बोललं नाही, तर ते पुस्तक तिथेच मिटतं.

आपला संबंध कुठे येतो?
घरची बोली बोलणाऱ्या मुलाला वर्गात "असं नाही, शुद्ध बोल" असं ऐकावं लागतं. मूल मग गप्प बसतं. त्याला उत्तर येत नसतं असं नाही, आपली भाषाच चुकीची आहे असं त्याला वाटू लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असं सांगतं. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, पण बोली पुसून नव्हे.

वर्गात करून पाहा
1. तारप्याचा आवाज ऐकवा, मगच वारली चित्र काढायला सांगा.
2. एका झाडाची किंवा भाजीची मुलांच्या घरची नावं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. "बरोबर-चूक" करू नका.
3. एखाद्या आजीला वर्गात बोलवा. गाण्यातले शब्द तिनेच समजावून सांगावेत, आपण ऐकावं.

पालकहो, तुमच्याही घरात एखादी ओवी, एखादं पाळणागीत असेलच. आज रात्री मुलांना ते म्हणून दाखवा.